संक्रांतीची डोंबारी

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या आमच्या घरात मी जागी व्हायची ती पैलवानाच्या धडकांनी. समोरच्या तालमीतले खरे पैलवान त्याच्याही आधी उठून आखाड्यात घुमत असत, पण त्या आवाजाला आमचे कान सरावले होते. झोप मोडायची ती सोप्यातल्या आरशावर टुक टुक टुक सुरू झालं की. आमचा पैलवान म्हणजे एक चिमणा. आरशाच्या मागे त्याचा संसार होता आणि आरशाच्या पुढे त्याचा वैरी. उजाडलं रे उजाडलं की तो मागून निघायचा, आरशाच्या चौकटीवर बसायचा, आतल्या चिमण्याकडे मान वाकडी करून बघायचा आणि त्याच्यावर तुटून पडायचा. आतला पठ्ठ्याही काही कमी नव्हता. कुस्ती रोज बरोबरीत सुटायची. पैलवानाच्या उजव्या पायाचं एक बोट कशात तरी अडकून गेलेलं होतं, त्यामुळे तो उडी मारताना एका अंगाला कलंडायचा. आई त्याच्यापुढे तांदळाची कणी टाकायची आणि म्हणायची, “खा, आणि जरा ताकद आली की आरसा फोडून टाक, म्हणजे हे दुसरा आणतील.”

हे म्हणजे माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणत असू. आबा शाळेत ड्रॉइंग मास्तर होते. मुलांकडून हापूस आंबा आणि पितळी तांब्या काढून घ्यायचा पगार त्यांना मिळत असे, पण त्यांचा जीव होता पाखरांत. बदलून गेलेल्या कुणा इंजिनियर साहेबाने जाताना त्यांना एक जुनी दुर्बीण दिली होती. ती गळ्यात अडकवून आबा सुट्टीच्या दिवशी माळ-शेतं हिंडायचे, पाखरू बघायचे आणि घरी येऊन त्याचं चित्र काढायचे. अडचण एवढीच, की आबांना चष्मा लावूनही लांबचं धड दिसत नसे. दुर्बीण लावली तरी आधी कुठे लावायची ते कुणीतरी सांगावं लागे. ते कुणीतरी म्हणजे मी. मला भाऊ नव्हता, आणि माझे डोळे घारीचे होते. “तुळसा, बाभळीच्या खाली, डाव्या अंगाला काय हललं?” असं ते विचारायचे आणि मी सांगायची. महाराजांच्या राज्यात मुलींच्या शिकण्याला कुणी उघड नाक मुरडत नसे, त्यामुळे मी शाळेत जात होते ते पेठेला चालत होतं. पण परकर खोचून बापामागे माळावर पालथी पडते, हे मात्र पेठेला चालत नव्हतं.

शेतकऱ्यांनाही आमचं वेड कळत नसे. जोंधळा दाण्यावर आला की प्रत्येक शेतात माळ्यावर कुणीतरी गोफण घेऊन उभं. “हाऽऽ हुर्रऽऽ” करून सगळा मुलूख चिमण्या हाकलायचा आणि आम्ही दोघं बांधाला बसून त्या याव्यात म्हणून देव पाण्यात ठेवायचो. एका म्हातारीने तर आबांना विचारलं होतं, “मास्तर, त्या नळीतनं बोलावताय व्हय चिमण्यांस्नी?” तिचा जोंधळा त्या साली थोडा झडला, तेव्हापासून आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

चिमण्या चिमण्यांत केवढा फरक असतो हे मी आबांकडून शिकले. घरची चिमणी निराळी, रानातली निराळी, थंडीत थव्याने येऊन जोंधळ्यावर पडणाऱ्या पिवळ्या छातीच्या निराळ्या. या सगळ्यांत अवघड होती ती डोंबारी. चिमणीपेक्षा लहानसं पाखरू. नराचं डोकं राखेच्या रंगाचं, गाल पांढुरके, आणि हनुवटीपासून शेपटापर्यंत सगळं पोट काळंभोर. एवढं वर्णन ऐकून वाटेल की हे लांबूनही दिसेल. पण काळं पोट जमिनीकडे आणि मातकट पाठ आभाळाकडे ठेवून ते ढेकळांत असं दबून बसतं, की पायाखाली येईतो दिसत नाही. झाडावर कधी बसायचं नाही. चिमणीसारख्या टुणटुण उड्या नाहीत, तुरुतुरु चालायचं. मनात आलं की सरळ आभाळात चढायचं, आणि डोंबाऱ्याच्या पोरासारखं पंख मिटून खाली कोसळायचं, जमिनीवर आपटणार असं वाटतं तोच पुन्हा वर. म्हणून तिचं नाव डोंबारी. आता माझा मोतीबिंदू काढलाय, जाड भिंगाचा चष्मा आहे, तरी गाडीतून जाताना उघडा माळ दिसला की माझी मान आपोआप तिकडे वळते आणि नातसून म्हणते, “आजी, काय हरवलंय का?”

माझ्या या हिंडण्याच्या आड आला तो माझा मामा. आईचा थोरला भाऊ, पेठ वडगावचा. म्हशींच्या बाजारात दलाली करायचा. त्याच्या मिशा, त्याचा आवाज आणि त्याची नजर या तिन्हींची वडगाव भागात ख्याती होती. म्हशीच्या तोंडाला हात न लावता, नुसती लांबून चाल बघून, तिचं वय आणि दूध सांगायचा. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला की मग प्रलय आला तरी शब्द फिरवायचा नाही. “आपुन एकदा बघितलं म्हंजे बघितलं,” हे त्याचं वाक्य. बाजारात ते खपत होतं. अडचण अशी की तो ते घरीही वापरायचा.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर मामा आला तो माझ्यासाठी स्थळ घेऊनच. मी तेव्हा बारा-तेरा वर्षांची असेन. बागायत आहे, दावणीला जनावरं आहेत, पोरगा धडधाकट आहे, असं सगळं त्याने म्हशीचे गुण सांगावेत तसं सांगितलं. आबा म्हणाले, “दादा, अजून दोन वर्षं तिला शिकू द्या. शिवाय तिच्याशिवाय मला पाखरू दिसत नाही.” मामा सोप्यात हसला ते तालमीत ऐकू गेलं असेल. “दाजी, पोरगीचं लगीन चिमणीपायी थांबवताय? चिमणी ती चिमणी. तिच्यात बघायचं काय आन् वळखायचं काय?” आबांना सगळं सहन होई, पाखरांचा अपमान होत नसे. त्यांनी डोंबारीचं वर्णन सांगितलं. मामा म्हणाला, असलं पाखरूच न्हाय. असतं तर इतक्या वर्षांत माझ्या नजरंला पडलं असतं. शब्दाला शब्द वाढला आणि शेवटी मामाने हात पुढे केला. “संक्रांतीच्या आत मला त्ये काळ्या पोटाचं पाखरू दावा. दावलं, तर दोन वर्सं लग्नाचं नाव काढणार न्हाय. न्हाय दावलं, तर माघात सुपारी फोडायची.” आबांनी त्या हातावर हात मारला. आत चुलीपाशी आई भाकरी थापत होती, तिची थाप मध्येच थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

त्या रात्री माझी वेणी घालताना आई म्हणाली, “मी नवव्या वर्सी आले ह्या घरात. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी जातं दावलं, मला वाटलं खेळायला दिलंय.” आणि वेणी इतकी घट्ट आवळली की माझे डोळे वर गेले. तेव्हा मला ती गोष्ट गमतीची वाटली होती.

मग आमची धावपळ सुरू झाली. डोंबारी आम्हाला दिसायची, नाही असं नाही. टेंबलाईच्या टेकडीपलीकडे आमच्या ओळखीच्या मेहबूबचाचांना दरबारच्या घोड्यांच्या नालबंदीबद्दल मिळालेला जमिनीचा एक तुकडा होता, तिथल्या पडीत ढेकळांत एक जोडी होती. पण दिसणं वेगळं आणि मामाला दाखवणं वेगळं. मार्गशीर्षात एकदा मामा आला, आम्ही त्याला घेऊन गेलो. शेताच्या कडेला पोचताच त्याने आवाज टाकला, “कुठं हाय वो तुमची डोंबारीण?” अर्ध्या कोसावरचे कावळे उठले. दुसऱ्यांदा तो खोकला. तिसऱ्यांदा त्याने काठीने ढेकूळ फोडून बघितलं, जणू पाखरू आत असतं. मेहबूबचाचा मला म्हणाले, “बेटा, तेरे मामा को देखके घोडा बी लात मारना भूलता. चिड़िया कैसी बैठेगी?”

होता होता भोगी आली. मामा तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकऱ्या आणि भोगीची भाजी हाणून, ढेकर देऊन म्हणाला, “उद्या शेवटचा दिस. चाचाच्या रानात हुरडा खाऊ, पाखरू दिसलं तर बघू, न्हायतर सांजच्याला लग्नाच्या याद्या करू.” आबांचं जेवणात लक्ष नव्हतं. मी तर तीळ मोजत बसले होते. एकटी आई मजेत होती. भावाला वाढत होती, आग्रह करत होती, आणि मध्येच तिने अगदी सहज विचारलं, “अवो, त्या डोंबारीचं काळं नेमकं कुठवर असतं? मानंपासनं?” आबांना फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत बायकोने पाखराबद्दल विचारलेला तो पहिला प्रश्न होता. त्यांनी जेवणाच्या पाटावरच बोटाने चित्र काढून दाखवलं.

संक्रांतीच्या सकाळी मी उठले तेव्हा ऊन सोप्यात आलेलं. इतकी कशी झोपले, म्हणून मी चपापले. मग ध्यानात आलं, टुक टुक झालंच नव्हतं. आरशाची चौकट रिकामी होती. आईला विचारलं तर म्हणाली, “गेला आसंल कुठं. त्यालाबी सण हाय.” ती काळी चंद्रकळा नेसून तयार होती, आणि तिच्या बोटांच्या पेरांना काळं लागलेलं होतं. मला वाटलं, तवा घासला असेल.

मेहबूबचाचांच्या बैलगाडीतून आम्ही निघालो. गाडीत आईने माझ्या मांडीवर एक झाकणाची दुरडी दिली, वरून फडक्याने बांधलेली. “हुरड्यासंगट खायला दही लावलंय. आजून इरजण धरतंय, हलवू नगंस.” मी दुरडी जीव मुठीत धरून सांभाळली. टेंबलाईच्या चढाला विरजण आपणहून हललं. मी आईकडे बघितलं. आई लांब डोंगराकडे बघत होती. थोड्या वेळाने विरजणाने आतून एक चोच मारली, चांगली टुक अशी. मी तोंड उघडलं तेव्हा आई न वळताच म्हणाली, “तुळसा, दही मोडंल.”

शेतात चाचांनी शेणकुटांची आगटी पेटवली होती. कोवळी कणसं त्यात खुपसायची, भाजली की हातावर चोळून फुंकर मारायची आणि गरम गरम हुरडा जवसाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचा. मामा कणसामागून कणसं चोळत होता. आबा मात्र हुरड्याला न शिवता ढेकळांतून रांगत होते. धोतराची पार माती झाली होती. त्यांनी एकदा हात वर करून मला खुणावलं, मी रांगत गेले. तिथे डोंबारी होती, मला दिसली, दोन ढेकळांच्या मध्ये दबलेली. आबांनी मामाला हळूच या म्हणून हात केला. “आलो, आलो,” मामा तिथूनच गरजला, आणि डोंबारी उठून गेली ती थेट पलीकडच्या माळावर. आबा आणि मी तसेच मातीने माखलेले आगटीपाशी परतलो. सूर्य डोक्यावर यायला लागला होता. मामा हात झटकत म्हणाला, “झालं की मग, दाजी. सुपारी कुणाकडची आणायची?” मला रडू फुटायच्या बेतात होतं आणि मी ते दाबतही नव्हते.

“मी दही काढून आणते, सावलीत ठेवलंय,” असं म्हणून आई बांधापलीकडे गेली होती, ती आता परत आली. दही नव्हतंच हातात. आल्या आल्या ती जागीच थांबली आणि कुजबुजली, “दादा, त्ये काय वो?” तिच्या कुजबुजीत काहीतरी असं होतं, की मामाही जन्मात पहिल्यांदा गप्प झाला. बांधावर उन्हात एक पाखरू बसलं होतं. हनुवटीपासून शेपटापर्यंत पोट काळंकुळकुळीत. उडून जायचं सोडून ते पंखांत चोच खुपसून रागारागाने अंग साफ करत होतं. मामाने आबांच्या गळ्यातली दुर्बीण ओढली, आबांसकट. “आयला,” मामा म्हणाला. “हाय की. काळं पोट. दाजी, हाय की वो.”

तेवढ्यात पाखराने बांधावर एक उडी मारली आणि ते उजव्या अंगाला कलंडलं. मी ओळखलं. पुढचं सगळं मला एका दमात कळलं, आईची काळी बोटं, ते विरजण, भोगीच्या रात्रीचा प्रश्न. तोंडाला आलेलं रडू तसंच्या तसं हसू झालं आणि ते दाबायला मी चटणी तोंडात कोंबली.

आता आबांनी गप्प राहायचं होतं, बस्स. पण आबा ते आबाच. दुर्बीण परत घेऊन त्यांनी नीट बघितलं, आणि त्यांचा चेहरा पडला. “दादा,” ते म्हणाले, “पैज तुम्ही जिंकलात. ही डोंबारी नाही. ही उड्या मारते, डोंबारी चालते. चोचही घरच्या चिमणीची आहे.” जिंकलेली पैज हरण्यासाठी धडपडणारा माणूस मी तेवढा एकच पाहिला. आईने कपाळाला हात लावला.

“अशी कशी न्हाय?” मामा म्हणाला.

“नाही ना. पोट काळं असलं म्हणून—”

“दाजी, पोट काळं हाय का न्हाय?”

“आहे, पण—”

“तुमीच सांगिटलंवतं का न्हाय, काळं पोट म्हणून?”

“सांगितलं होतं, पण—”

“मग आता कशापायी फिरताय? उभा जन्म जनावरं पारखण्यात गेला माझा. चार पायांची वळखतो, ही दोन पायांची वळखत न्हाय व्हय? म्या बघितली. आपुन एकदा बघितलं म्हंजे बघितलं.” आबा काकुळतीला येऊन समजावत होते, की तुमची नजर चुकतेय. मामापुढे कुणी असं म्हणावं? नजर चुकली हे एकदा कबूल केलं असतं, तर सोमवारच्या बाजारात त्याच्या म्हशीला कोण विचारणार होतं? शेवटी मामा चिडून म्हणाला, “पैज तुमी जिकली, दाजी. गप जिका की.” मेहबूबचाचांनी खाली मान घालून आगटी फुंकायला घेतली. त्यांचे खांदे हलत होते. पैलवान एकदाचा उडाला आणि कोल्हापूरच्या दिशेने गेला, तेव्हा मला हायसं वाटलं. ते हायसं वाटणं चुकीचं होतं.

घरी आलो. मामा सोप्यात बरोबर आरशाखाली लोडाला टेकून पान जमवायला बसला. आबा समोर, अजून मान हलवत. आई तिळगुळाचं ताट घेऊन बाहेर आली, आणि त्याच वेळी खिडकीतून भुर्रकन कुणीतरी आत आलं. पैलवान चौकटीवर बसला. आरशात त्याला आज नवाच, काळ्या पोटाचा, अक्राळविक्राळ गडी दिसला. तो क्षणभर बिचकला. मग रोजच्या दुप्पट जोराने तुटून पडला. टुक टुक टुक टुक.

मामाने वर बघितलं. त्याच्या हातातलं पान तसंच राहिलं. मी आईचा पदर घट्ट धरला. इतक्या जवळून आबांनाही स्वच्छ दिसत होतं. ते बोट, ते कलंडणं, काजळ पसरून राखाडी झालेली छाती. त्यांनी आधी चिमण्याकडे, मग आईच्या बोटांकडे बघितलं. चष्म्याआडून त्यांचे डोळे मोठे झाले आणि खरं बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडलं.

आईने त्या उघडलेल्या तोंडात तिळाचा लाडू घातला. साधासुधा नव्हे, तिने वळलेल्यांतला सगळ्यात मोठा. “तिळगूळ घ्या,” ती म्हणाली, “आणि गोड बोला.” आबांचे दात चिकीच्या गुळात रुतले. ते काहीतरी म्हणाले, पण त्यातलं एक अक्षर कुणाला कळलं नाही.

मामा मात्र अजून वर बघत होता. “चंपे,” तो हळूच आईला म्हणाला, “हे त्येच पाखरू न्हवं?”

“त्येच की, दादा. सणाचं काळं नेसून आलंय.”

मामाने मिशीवरून हात फिरवला. मला वाटलं, आता उघड पडणार. मग तो समाधानाने लोडाला टेकला आणि म्हणाला, “माझ्या मागनं आलं बघ. गुण असतो एकेकाच्या नजरंला.”

मामाने शब्द पाळला. दोन वर्षं त्याने माझ्या लग्नाचं नाव काढलं नाही, आणि त्या दोन वर्षांत मी इतकं शिकले की पुढे मला मागे ओढणं कुणाला जमलं नाही. वडगावच्या बाजारात तो डोंबारीची गोष्ट सांगायचा. दरवेळी पाखरू थोडं मोठं व्हायचं, शेवटी शेवटी ते कोंबडीएवढं झालं होतं. आबा दोन दिवस आईशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी आरशापुढे झुंजणाऱ्या काळ्या पोटाच्या चिमण्याचं चित्र काढलं आणि न बोलता चुलीशेजारच्या भिंतीवर लावलं. पैलवानाचं काजळ धुळीत लोळून लोळून आठवड्याभरात गेलं. मी आईला विचारलं होतं, त्याला काही झालं असतं तर? ती म्हणाली, “तुपातलं काजळ, बाळाच्या डोळ्यात घालतो की. त्याला काय हुतंय?”

फाल्गुनात जोंधळा निघाल्यावर एका सकाळी मी आईला टेंबलाईपलीकडे नेलं. आबांना सांगितलं नाही. आईला तिच्या आयुष्यात कुणी पाखरू दाखवलं नव्हतं, ते मला दाखवायचं होतं. ती माझ्याशेजारी पदर डोक्यावरून घेऊन ढेकळांत पालथी पडली, अगदी लहान मुलीसारखी, आणि कितीतरी वेळ हलली नाही. डोंबारी समोरून उठली, आभाळात चढली, पंख मिटून कोसळली आणि आमच्यापासून हातभर अंतरावर उतरून तुरुतुरु चालायला लागली. काळं पोट, पांढुरके गाल, सगळं स्वच्छ दिसलं. मी आईकडे बघितलं. तिचे डोळे भरून आले होते. तिने माझा हात धरला, पाखराकडे अजून थोडा वेळ निरखून बघितलं, आणि माझ्या कानाशी येऊन कुजबुजली, “माझी ह्याच्यापरास बरी झालती की.”